सही करण्याआधी खुर्ची टाकून बसा

पत्र:

"ताई, आमची सोसायटी पुण्यात, दोन मोठ्या रस्त्यांच्या मधल्या कॉलनीत आहे. चौकातला सिग्नल चुकवायला हल्ली सगळं गाव आमच्या नऊ मीटरच्या गल्लीतून जातं. मोबाइलवरचा नकाशासुद्धा लोकांना आमच्याच दारावरून वळवतो. आता वाहतूक शाखेनं ३० दिवस 'प्रायोगिक तत्त्वावर' गल्ली एकेरी करायचं आणि मध्यावर लोखंडी खांब लावून मोटारी अडवायचं जाहीर केलंय. हरकती व सूचना मागवल्यात. सोसायटीत दोन तट पडलेत. अध्यक्षांनी विरोधाचं पत्र टाइप करून आणलं, त्यावर कॉलनीतल्या ११२ सह्या झाल्या, सेक्रेटरी म्हणून माझी तेवढी राहिलीय. कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणतात, धंदा बसेल. मुलगी लंडनला वॉल्थमस्टोमध्ये राहते. ती म्हणते, 'आई, आमच्याकडे असंच केलंय, डोळे मिटून हो म्हण.' माझ्या थोरल्या जाऊबाई मागच्या समांतर रस्त्यावर राहतात. त्यांच्या गॅलरीत आत्ताच पाचनंतर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, 'म्हणजे तुमचं सगळं आता आमच्या दारात.' तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. खरं सांगायचं तर आमचे हेसुद्धा ऑफिसला जाताना दुसऱ्या एका कॉलनीतून स्कूटर घालतात. मी सही करू की नको?"
– एक सेक्रेटरी, पुणे

उत्तर:

ताई,

पत्रातलं स्कूटरचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. तुम्ही ते गाळलं असतं तर मला कळलंही नसतं. लिहिलंत, म्हणून आता मोकळेपणानं बोलता येईल. आपण दुसऱ्याच्या गल्लीतून गेलो की तो शॉर्टकट आणि दुसरा आपल्या गल्लीतून गेला की ती घुसखोरी, हा जुना न्याय आहे. (मी नाशिकची. आमच्याकडेही काही वेगळं नाही.) तुमच्या दारावरून जाणाऱ्या त्या 'सगळ्या गावा'त प्रत्येक जण कुणाचे तरी 'हे' आहेत आणि त्यांनाही वेळेवर ऑफिस गाठायचंय.

उत्तर आधीच देऊन टाकते. अध्यक्षांच्या पत्रावर सही करू नका. मुलगी म्हणते तसं डोळे मिटून होही म्हणू नका. तुमचं स्वतःचं पत्र लिहा, आणि ते लिहिण्याआधी दोन दिवस गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसा.

असं का म्हणते, ते ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका पत्रावर सही केली होती. आमच्या इमारतीसमोर बसथांबा होता. तिथली माणसं फाटकात उभी राहतात, गर्दी होते, तेव्हा थांबा हलवा, असा मजकूर. नीट वाचलासुद्धा नाही. आत कुकर शिट्ट्या मारत होता आणि दारात शेजारचे काका पेन पुढे करून उभे. थांबा हलला, चांगला अर्धा किलोमीटर पुढे गेला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेव्हापासून दहा मिनिटं उशिरा यायला लागल्या आणि मी रोज दहा मिनिटं कुरकुर करायला लागले. जुलैत एकदा त्या चिंब भिजून आल्या. मी विचारलं, "छत्री नाही का?" म्हणाल्या, "छत्री आहे हो ताई, थांबा लांब गेला." काका घरोघर फिरले होते, पण थांब्यावर उभ्या असलेल्या एकालाही त्यांनी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

तुमच्या ११२ सह्यांत इस्त्रीवाल्याची आहे का? रात्रपाळीच्या वॉचमनची? शाळेच्या व्हॅनवाल्या दादांची? आणि मागच्या रस्त्यावरच्या एकाची तरी? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे आहेत त्यांचं मत म्हणजे गल्लीचं मत, अशी आपली समजूत असते. गल्लीत सगळ्यात जास्त वेळ पायी असणारी माणसं त्या ग्रुपवर नसतात.

आता ते ३० दिवस. हा आकडा हवेतून आलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालता येतो. एरवी त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. निर्बंध महिन्याभराहून जास्त टिकणार नसेल तर मात्र ती लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे पहिलं पाऊल महिन्याचं टाकणं यंत्रणेला सोपं जातं. तुमच्या अध्यक्षांच्या पत्रात 'कॉलनीचा रस्ता कायमचा बंद' असं काही असेल (अशा पत्रात असतंच), तर ते आज तरी खरं नाही. कायम करायचं की नाही हे महिन्यानंतर ठरेल, आणि तेव्हा साहेबांपुढच्या फाइलमध्ये तुमच्या हरकती आणि सूचना असतील. त्याच्या जोडीला आकडे असतील की नाही, याची खात्री मी देत नाही. म्हणूनच खुर्ची.

तुम्ही म्हणाल, आकडे त्यांच्याकडूनच मागवू, माहितीचा अधिकार आहे की. जरूर मागवा, दहा रुपयांचं काम. फक्त उत्तर द्यायला कायद्यानं ३० दिवसांची मुदत असते आणि प्रयोगही ३० दिवसांचा आहे. उत्तर येईपर्यंत खांब उपटून झालेले असतील.

तेव्हा मोजणी घरच्या घरी. प्रयोग सुरू होण्याआधी एकदा, आणि सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. पहिल्या आठवड्यात मोजू नका. तेव्हा कुणालाच काही माहीत नसतं, सगळे चुकून येतात, गाड्या मागे घेतात, एकमेकांवर ओरडतात, आणि तोच गोंधळ मोबाइलवर टिपून कुणीतरी 'बघा, योजना फसली' म्हणून ग्रुपवर टाकतं. मंगळवार-बुधवार धरा. गुरुवार नको. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते (आणि तुमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं तर मोजायला बसणार कोण?). शाळांना सुट्टी नसावी, सणवार नसावा. सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी साडेपाच ते आठ. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोघं-दोघं बसा. वहीत रकाने पाडा: दुचाकी, रिक्षा, मोटार, टेम्पो, सायकल, आणि पायी माणसं. पायी माणसं विसरू नका, भल्याभल्या सर्वेक्षणांत ती विसरली जातात. दर पंधरा मिनिटांना नवी ओळ, उभ्या चार रेघा आणि पाचवी तिरकी. आमच्या लहानपणी दूधवाला असाच हिशेब ठेवायचा.

आता यातली खरी मेख. नुसती संख्या मोजून गल्लीतली गाडी आणि गल्लीतून आरपार जाणारी गाडी वेगळी कळत नाही. त्यासाठी अर्धा तास तरी प्रत्येक गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून घ्या, दोन्ही टोकांना. एका टोकाला आत शिरलेला ४४१७ तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला बाहेर पडला, तर तो आरपारवाला. आत शिरून बाहेर आलाच नाही, तो तुमचा, किंवा तुमच्याकडे आलेला. वाहतूक अभियंतेही नंबर जुळवण्याची ही पद्धत वापरतात, त्यांच्याकडे फक्त कॅमेरे असतात. काम झालं की ती पानं फाडून टाका. कोण किती वाजता कुठे गेलं याची नोंदवही सोसायटीच्या कपाटात नको.

मोजून झाल्यावर तुम्हाला धक्का बसण्याची शक्यता आहे, हे आधीच सांगून ठेवते. कदाचित निघेल की सकाळच्या गर्दीतला मोठा हिस्सा बाहेरचा नाहीच. तुमच्याच कॉलनीतून मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या गाड्या आहेत. तसं असेल तर कितीही खांब रोवा, फरक पडणार नाही, आणि पत्र शाळेच्या व्हॅनबद्दल लिहावं लागेल. किंवा निघेल की आरपारवाल्यांत बहुतेक दुचाक्या आहेत. पुणं असल्यामुळे माझा अंदाज हाच आहे, आणि त्या अंदाजापाशी तुमच्या योजनेची गोची आहे.

खांब मोटार अडवतो. दोन खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडावीच लागते, आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून स्कूटर जाते. जागा कमी केली तर स्कूटर पदपथावरून जाईल आणि तुमच्या आजी-आजोबांची पंचाईत होईल. लंडनच्या रस्त्यावर मोटारीच मोटारी, म्हणून तिथे मधोमध कुंडी ठेवली की बरंचसं काम होतं. आपल्याकडे मोटारी थांबतील आणि मोकळ्या झालेल्या जागेतून दुचाक्या आणखी सुसाट जातील, ही भीती खरी आहे. नुसती एकेरी केलेली गल्ली तर धोक्याचीच. समोरून कुणी येत नाही म्हटल्यावर माणूस वेग वाढवतो.

मग काय मागायचं? तुमच्या कॉलनीत आडव्या गल्ल्या असतील, तर गल्लीचा अर्धा भाग एका दिशेनं एकेरी आणि उरलेला अर्धा उलट दिशेनं एकेरी करा, असं सुचवा. म्हणजे ज्या मोठ्या रस्त्यावरून आत आलात, फिरून त्याच रस्त्याला बाहेर पडाल. घरी जाणाऱ्याचं काही अडत नाही, सिग्नल चुकवणाऱ्याला मात्र आत येण्यात काही मिळत नाही. बार्सिलोनात काही भागांत इमारतींच्या नऊ-नऊ चौकोनांचे गट करून आतले रस्ते असेच वळवून परत बाहेर आणलेत. दुचाकीवाले नो एन्ट्रीतून येतील, हो, येतीलच. म्हणून जोडीला दोन गोष्टी: पहिले पंधरा दिवस गर्दीच्या वेळी दोन्ही तोंडांना पोलीस, आणि गल्लीच्या तोंडाशी पदपथाच्या उंचीचा रुंद चढ, ज्यावर स्कूटरलाही हळू व्हावं लागतं. तो पालिकेच्या पथ विभागाकडून करून घ्यायचा. सोसायटीनं रातोरात सिमेंटचा उंचवटा घालायचा नाही. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या 'भारतीय रस्ते काँग्रेस' या संस्थेच्या मापानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गल्ल्यांतले असतात ते गतिरोधक नव्हेत, कंबरतोड आहेत. आणि सोसायटीत कुणी 'आपणच गेट लावू' म्हणत असेल (तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुणीतरी म्हणत असणारच), तर त्यांना सांगा की रस्ता सार्वजनिक आहे, त्याला फाटक लावायचा अधिकार सोसायटीला नाही.

रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाड्या अशा आदेशांतून वगळलेल्या असतात. कागदावर. लोखंडी खांब कागद वाचत नाही. खांब काढता येण्याजोगा आहे का, किल्ली कुणाकडे, आणि रात्री दोन वाजता ती कुठे मिळेल, हे लेखी विचारा. घंटागाडीचा आणि पाण्याच्या टँकरचा मार्ग काय, तेही विचारा. अध्यक्षांच्या पत्रात रुग्णवाहिकेचा मुद्दा असेल तर तो अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर किल्लीनं होतं, एवढंच.

दुकानदारांचं मी फार मनावर घेतलं नसतं, पण त्यांना टाळूही नका. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी पायी किती येतात, गाडी लावून किती येतात, हे एक दिवस त्यांनाच मोजायला सांगा. माल उतरवणाऱ्या टेम्पोसाठी सकाळचा एखादा तास मोकळा हवा असेल तर ती मागणी तुमच्या पत्रात घाला. अर्धा विरोध तिथेच निवतो.

आता मुलीच्या वॉल्थमस्टोबद्दल. तिचं खरं आहे, पण ती गोष्ट तिनं तुम्हाला शेवटाकडून सांगितली. २०१५ मध्ये तिथली योजना सुरू झाली तेव्हा विरोधकांनी रस्त्यावरून शवपेटी मिरवली होती. आमचं गाव मेलं, असं म्हणत. पुढे त्या भागातल्या आतल्या रस्त्यांवरची वाहतूक जवळपास ४४ टक्क्यांनी घटली आणि आज तिथली बरीच माणसं ती पूर्वीची वर्दळ परत मागणार नाहीत. पण शेजारच्या काही रस्त्यांवर गाड्या वाढल्या, हेही तितकंच खरं. आणि त्याच लंडनमध्ये, ईलिंगमध्ये, २०२० साली घाईघाईनं सुरू केलेल्या अशा बहुतेक योजना लोकांचा कौल घेऊन वर्षभरात गुंडाळल्या गेल्या. तिकडे अशी प्रायोगिक योजना १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येते आणि पहिले सहा महिने हरकती घेतात. तेवढ्यात माणसांच्या सवयी बदलतात. आपल्याकडे महिनाच. त्यामुळे मुलीला सांगा, तुझं 'हो' १८ महिन्यांचं आहे, माझ्याकडे ३० दिवस आहेत.

जाऊबाईंचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तोच तुमच्या पत्राचा गाभा आहे.

त्या म्हणतात, तुमच्या गल्लीतलं सगळं आमच्या दारात येणार. 'सगळं' येत नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या तीन अभ्यासकांनी ११ देशांतल्या सत्तरहून जास्त ठिकाणांचे आकडे एकत्र मांडले. रस्ते बंद किंवा अरुंद केल्यावर गाड्या कुठे गेल्या, हा प्रश्न होता. निम्म्या ठिकाणी, आजूबाजूचे रस्ते धरूनसुद्धा, आधीच्या वाहतुकीतला ११ टक्क्यांहून मोठा हिस्सा नंतर कुठे सापडलाच नाही. कुणी वेळ बदलली, कुणी दोन कामं एका फेरीत उरकली, कुणी चालत गेलं. पाण्यासारखी वाहतूक जेवढीच्या तेवढी दुसरीकडे वाहत नाही. पण उरलेली? ती कुठेतरी जातेच, आणि तुमच्या बाबतीत ते 'कुठेतरी' म्हणजे जाऊबाईंची गॅलरी. ११ टक्के हवेत विरले म्हणून त्यांना बाकीच्यांचा हॉर्न कमी ऐकू येणार नाही. त्यांची तक्रार अडाणी नाही आणि मत्सराचीही नाही. उलट तुमच्या दोन्ही तटांनी मिळून जो प्रश्न विचारायला हवा होता, तो त्या एकट्यांनी विचारला.

फक्त, त्यांच्या तक्रारीचा अर्थ 'म्हणून काहीच करू नका' असा लावू नका. तसा लावायला पुष्कळ जण टपलेले असतील. मागच्या रस्त्याच्या काळजीनं ज्यांची झोप आजवर एकदाही उडाली नाही, ते अचानक मागच्या रस्त्याचे कैवारी होतील. तुमच्या गल्लीत मुलं खेळू शकत नाहीत आणि जाऊबाईंना गॅलरीत बसता येत नाही, ही दोन दुखणी एकमेकांची शत्रू नाहीत. दोघींना एकाच सिग्नलचा त्रास आहे. चौकातला तो सिग्नल इतका का तुंबतो, डावीकडे वळणाऱ्यांची वाट दुकानासमोर लावलेल्या गाड्यांनी अडली आहे का, सिग्नलची वेळ कधी बदलली, हे तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं, अध्यक्षांच्याही नसणार. लोक गल्लीत शिरतात ते चौकाला कंटाळून. तुमच्या पत्राची पहिली मागणी चौकाची असू द्या आणि दुसरी अशी की प्रयोगाआधी आणि प्रयोगात दोन्ही रस्त्यांवर मोजणी व्हावी, आणि मागच्या रस्त्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा गाड्या वाढल्या तर योजना तशीच कायम करू नये. ती मर्यादा किती, हे तुम्ही एकटीनं लिहू नका. जाऊबाईंना विचारून लिहा.

पत्र दोन प्रतींत काढा, एक वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना, दुसरी पालिकेच्या पथ विभागाला. आदेश एकाचा आणि खांब दुसऱ्याचा असतो, आणि दोघंही 'ते त्यांच्याकडे' म्हणतात. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शेकडो सह्यांचं एकच साचेबंद पत्र अधिकारी एका नजरेत वाचून खाली ठेवतो. पंधरा मिनिटांच्या ओळी पाडलेली वही समोर आली की त्याला निदान चष्मा लावावा लागतो. अध्यक्षांना दुखवायचं नसेल तर सांगा की माझी सही आहे, फक्त दुसऱ्या कागदावर आहे, आणि वाटलं तर त्यावर तुम्हीही करा. सेक्रेटरीनं सोसायटीच्या लेटरहेडवर स्वतःचं मत लिहू नये, एवढं पथ्य पाळा. साध्या कागदावर, स्वतःच्या पत्त्यानं लिहा.

अमेरिकेत डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकारानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत तीन सारखे रस्ते निवडले. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. लोकांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? शांत रस्त्यावर माणशी तीन निघाले, वर्दळीच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही. तुमच्या दोघींचं बोलणं गाड्यांमुळे तुटलंय, असं तुम्ही पत्रात म्हटलं नाहीत. मला मात्र ते पुन्हा पुन्हा जाणवत राहिलं.

म्हणून त्यांच्याकडे जा. फोन नको. वही आणि दोन पेनं घेऊन जा, दुसरी खुर्ची त्यांच्या गॅलरीत टाकायची आहे, म्हणावं. मागच्या रस्त्यावरची मोजणी त्यांची. 'ह्यां'नाही सोबत न्या. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे पटकन वाचायला त्यांच्याइतकं तयार माणूस तुम्हाला मिळणार नाही, स्कूटर चालवताना रोजचा सराव आहे. फक्त चार वाजता पोचा. पाचनंतर तिथे बोललेलं ऐकू येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.